सतरा मिलिमीटर

० ते ३२० : कपाळ

“यात देव बसवायचा काय?” मामांनी विचारलं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे आणखी वळवला. पडद्यावर कपाटाची एक बाजू होती. बाजूनं पाहिलं की ते कपाट उभ्या माणसासारखं दिसतं. वर पुढे आलेलं कपाळ, खाली आत गेलेला गळा, मग एकदम सुटलेलं पोट आणि त्याखाली पाय.

“देव नाही, मामा. खेळ. नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम. आमच्या शाळेशेजारच्या गाळ्यात होता. तसाच घरी करायचाय.”

“घरी? मग नाणं कोन टाकनार?”

“मीच.”

“आनि पेटी उघडून घेनार कोन?”

“मीच.”

मामा बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. “चांगलं हाय, पाव्हणं,” म्हणाले. “लई चांगलं हाय.”

मामा म्हणजे माझे सासरे, भैरू सुतार. कोल्हापूरकडे सासऱ्याला मामा म्हणतात, हे वैजूनं मला लग्नाआधी शिकवलं होतं. जावयाला पाव्हणं म्हणतात, हे नंतर कळलं. मामांनी अडतीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्न केले. लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी लाकडात घडवायचा, वाळूत त्याचा ठसा उठवायचा आणि त्या ठशात लोखंड ओतायचं. पंपाची पोटं, गिअरची घरं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाचगावच्या घरामागे पत्र्याची शेड उभारली आणि तिच्यात फाउंड्रीतलाच एक जुना बँडसॉ, लाकूड कापायची विजेची करवत, आणून बसवला. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मामा आणि शेडमध्ये बँडसॉ, एवढेच दोघं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या फेब्रुवारीत त्या बँडसॉखाली मामांच्या डाव्या तर्जनीचं टोक आलं. चार टाके. त्यांनी आम्हाला बारा दिवसांनी सांगितलं, तेही मी बँडेज कसलं म्हणून विचारलं तेव्हा. वैजू त्यांची एकुलती एक. तिनं ठरवूनच टाकलं. मशीन विकायची, घराला कुलूप, आप्पांना पुण्याला आणायचं. शिरोलीचा एक माणूस मशीन न्यायला तयार होता. रविवारी चार वाजता टेम्पो घेऊन येणार होता.

“एकदा बघू तरी,” मी म्हणालो होतो. “हात चालतोय का, डोळा चालतोय का.”

“मग तूच बघ,” वैजू म्हणाली. “तुझं ते खेळाचं कपाट करायचंय ना? शुक्रवारी घेऊन जा. एक बाजू आप्पांना आखू दे, एक तू आख. कुणी कुणाची बघायची नाही. मग एकावर एक ठेव. जुळल्या तर मी शिरोलीवाल्याला नको म्हणून सांगते. नाही जुळल्या तर आप्पा पुण्याला.”

म्हणजे मी लाकूड कापायला गेलो नव्हतो, परीक्षा घ्यायला गेलो होतो. आणि परीक्षा देणाऱ्याला ते माहीत नाही, असं समजत होतो.

३२० ते ७६० : गळा

गळ्याची गोलाई सगळ्यात अवघड असते. कपाळाखालून आत वळायचं आणि पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत एका झोकात यायचं. मध्ये थांबलं की तिथं कोपरा उमटतो.

आमच्या दोघांच्या मध्ये एक कोपरा होता. लग्न ठरवायला मी पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा मामांचे दोन भाऊ आणि फाउंड्रीतले चार जण बसले होते. मी ब्राह्मण, पुण्याचा, काम कॉम्प्युटरवर. मामांनी माझे तळहात उलटे करून पाहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वैजूला म्हणाले, “ह्येच्या हातात पट्टी दिली तर ह्यो पाठ खाजवंल.”

सगळे हसले. मीही हसलो. वैजू हसली नाही. आम्ही पुण्यात रजिस्टर लग्न केलं आणि ती तीन वर्षं माहेरी गेली नाही.

सासूबाईंनी ते सांधलं. कसं, ते मला माहीत नव्हतं. एवढंच दिसलं, की तेव्हापासून मामांनी मला कधी नावानं हाक मारली नाही आणि माझं कधी काही चुकलं नाही. मी गाडी मागे घेताना त्यांचं तुळशीचं वृंदावन पाडलं, तर म्हणाले, “कट्टाच आडवा हुता, पाव्हणं.” मी त्यांची घासायला ठेवलेली पटाशी रंगाचा डबा उघडायला वापरली, तर म्हणाले, “डबा घट्टच लावत्यात हल्ली.” सहा वर्षं असं चाललं होतं. मी त्याला माया समजत होतो. कधीकधी मला वाटायचं, हा माणूस माझ्याशी बोलतच नाहीये.

शुक्रवारी दुपारी मी म्हणालो, “मामा, एक बाजू तुम्ही आखा. दुसरी मी आखतो. मला शिकायचंय.”

“एकच आखायची असती, पाव्हणं. दोन प्लाय एकावर एक ठिवायचं आनि एकदमच कापायचं. म्हंजे चुकलं तरी दोन्हीकडं सारखंच चुकतंय.”

“नको. वेगवेगळ्या आखू.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुमी म्हंतासा तसं.”

मी प्रिंट काढून आणलेला कागद दोघांच्या मध्ये ठेवला. त्यावर चौतीस ओळी होत्या. कपाळापासून इतकं खाली आलं की मागच्या कडेपासून इतकं पुढे. प्रत्येक ओळीचा एक ठिपका. चौतीस ठिपके मारायचे, त्यांवर खिळे ठोकायचे, खिळ्यांना टेकवून बांबूची पातळ कामटी वाकवायची आणि तिच्या कडेनं रेघ ओढायची. एकूण उंची सतराशे मिलिमीटर.

भिंतीवर खिळ्याला दोन स्टीलच्या पट्ट्या टांगलेल्या होत्या, दोन्ही मीटरभर लांब. एकीच्या भोकात लाल दोरा बांधलेला होता. मामा तेव्हा पाठमोरे बसून त्यांची आखणीची सुई दगडावर घासत होते. मी दोऱ्याची पट्टी घेतली. दोरा होता म्हणून काढायला सोपी पडली, एवढंच.

७६० ते ११०० : पोट

“ह्ये पोट मी केलंय,” मामा म्हणाले.

“कुठे?”

“पंपात. ह्याच मापाचं. पानी फिरून भाईर पडाय असंच पोट लागतंय.” त्यांनी प्लायवर ओढलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. ते नुकतंच बरं झालेलं बोट होतं, टोक अजून गुलाबी. “ह्यात पानी न्हाई, मग पोट कशाला?”

“हात टेकायला. इथं बटणं येतात.”

“तासभर उभं ऱ्हाऊन बटनं दाबायची?”

“हो.”

“चांगलं हाय.”

शनिवारी सकाळी आम्ही कापायला घेतलं. मशीन सुरू करण्याआधी मामांनी खिशातला मोबाइल काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

“तो कशाला?”

“आवाज झाला की हात हालतोय.”

अठरा मिलिमीटरची प्लाय, माणसाएवढी उंच. मामा पात्याजवळ, मी शेपटाकडे. माझं काम फक्त तिला पेलून धरायचं आणि ते वळतील तसं वळायचं. पहिली बाजू मामांची होती. मी पात्याकडे बघत नव्हतो, त्यांच्या हातांकडे बघत होतो. हात थरथरतोय का. रेघ शोधायला मान फार खाली जातेय का.

“ढकलू नगा, पाव्हणं,” ते मशीनच्या आवाजावरून ओरडले आणि लगेच दुरुस्त केलं, “म्हंजे ढकललं तरी चालतंय. पर लाकूड आपसूक जातंय.”

लाकूड खरंच आपसूक गेलं. गळ्यापाशी त्यांनी श्वास धरला, पोट संपल्यावर सोडला. मीही तेव्हाच सोडला. रेघेच्या बाहेरच्या अंगानं पातं सगळीकडे सारखं गेलं होतं. मला बरं वाटलं. मनातल्या मनात मी शिरोलीवाल्याला नको म्हणूनही टाकलं.

मग माझी बाजू कापली. तीही त्यांनीच कापली, माझ्या पेन्सिलच्या रेघेवरून. कडा कानशीनं सारख्या केल्या, पॉलिश पेपर मारला. दोन पेले चहा झाला. मग मी म्हणालो, “आता एकावर एक ठेवून बघू.”

“बगू की,” मामा म्हणाले.

११०० ते १७०० : पाय

कपाळाला कपाळ लावलं. गळ्यापाशी किंचित फट दिसली. पोटापाशी ती वाढली. पायापाशी माझी प्लाय त्यांच्या प्लायखालून बोटभर पुढे आली होती.

मी पट्टी घेतली, तीच, दोऱ्याची. माझी बाजू मोजली. सतराशे. त्यांची मोजली. सोळाशे त्र्याऐंशी. पुन्हा मोजली.

“मामा, तुमची सतरा मिलिमीटर कमी भरतेय.”

ते उठून आले. त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. अंगठ्यानं पट्टीचं टोक चाचपलं. मग ती जाऊन खिळ्याला लावली.

“बरोबर हाय,” म्हणाले. “माझंच चुकलं. डोळं दगा देत्यात.”

“अहो, पण कापताना तर...”

“आखतानाच चुकलं. तुमची झ्याक झालीया.”

मी अंगणात जाऊन वैजूला फोन केला. ती म्हणाली, “सतरा? सतरा म्हणजे खूप झालं रे.” आणि मग, “मी उद्या सकाळच्या बसनं येते.”

मी शेडमध्ये परत आलो तर मामा मशीनचा दरवाजा उघडून बसले होते.

“रविवारीच येनार न्हवं त्यो शिरोलीवाला?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“शिरोली काय लांब हाय? कवा येनार?”

“चार वाजता.”

“मग पातं बदलून ठिवतो. बोथट मशीन देऊ ने कुनाला.”

त्यांनी नवं पातं चढवलं, ताण बघितला, चाकांना तेल दिलं. मी शेजारी उभा राहून टॉर्च धरली.

रविवारी वैजू अकराला आली. बॅग ओट्यावर टाकून ती सरळ शेडमध्ये गेली. लहानपणी ती त्याच बँडसॉच्या भुशात खेळली होती. तेव्हा तो फाउंड्रीत होता आणि ती आप्पांचा डबा घेऊन जायची. ती मशीनवर हात ठेवून उभी राहिली. मग भिंतीला टेकवलेल्या दोन बाजूंकडे वळली.

“कपाळ जुळवून धर रे.”

मी धरलं. ती खाली बसली आणि कपाळापासून पायापर्यंत फटीवरून बोट फिरवत आली. एकदा, दोनदा. मग उठली आणि खिळ्यापाशी गेली.

“लाल दोऱ्याची पट्टी पुढे कशी?”

मामा म्हणाले, “आसंल. पुढं मागं हुतंय.”

“आप्पा, ही पट्टी कुणी घेतली होती?”

“का? काय फरक पडतो?” मी विचारलं.

तिनं ती माझ्यासमोर धरली. टोकाला बारीक अक्षरात एक टक्का असं कोरलेलं होतं. मला ते कंपनीचं काहीतरी वाटलं होतं.

“ही लाकडाची पट्टी नाही. लोखंडाची आहे. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशोब नको म्हणून यांच्या पट्टीतले मिलिमीटरच मोठे असतात. आकडे तेच. आईनं एकदा हिनं मोजून खिडकीची काच आणली, ती बसेना. तेव्हा तिनं हा दोरा बांधला.” तिचा आवाज खाली आला. “ही फट एका जागी नाहीये. वरून खाली सारखी वाढत गेलीय. डोळे गेले की अशी चूक होत नाही. यातली एक बाजू या पट्टीनं आखलीय. आप्पांनी लाकडाच्या कपाटाला ही पट्टी लावली असेल तर ते डोळ्यांपेक्षा वाईट.”

“मीच लावली,” मामा म्हणाले.

“मग तुमची बाजू लांब हवी.”

“लांबच हाय. ती लांब माझी.”

“हेरंब तर म्हणाला, तुमची कमी भरते.”

“त्ये सांगताना पाव्हण्यांचीच गडब...” मामा थांबले. घाईनं म्हणाले, “न्हाई न्हाई. सांगताना माझीच गडबड झाली.”

साडेअकरा वाजले होते. मी गप्प राहिलो असतो तर चार वाजता टेम्पो आला असता, मशीन गेली असती, घराला कुलूप लागलं असतं आणि माझ्या हातात पट्टी देऊ नये, हे कुणालाच कळलं नसतं. मी काही वेळ गप्प राहिलो. थोडाच. पण राहिलो, हे इथं लिहिलं पाहिजे.

“लांब माझी आहे,” मी म्हणालो. “पट्टी मी घेतली. मोजलंही मीच, त्याच पट्टीनं. मामांची बरोबर सतराशे आहे.”

“मला माहितेय,” वैजू म्हणाली. “लांब बाजूवर पेन्सिलची रेघ आहे. आप्पा पेन्सिल हातात धरत नाहीत, सुईनं आखतात.” मग ती त्यांच्याकडे वळली. “काल पट्टी हातात घेतलीत तेव्हाच कळलं ना तुम्हाला?”

मामा भुसा पायानं एका बाजूला सारत होते.

“मग का नाही बोललात?”

“तुज्या आईला शबूद दिल्ता.”

“कसला?”

“पाव्हण्यांची चूक काडनार न्हाई म्हनून. उभ्या जल्मात.”

“आप्पा, मशीन गेली असती.”

“गेली असती.”

“घर सोडायला लागलं असतं.”

“घराचं काय घिऊन बसलीस,” मामा म्हणाले. “तू तीन वरसं आली न्हाईस, तवा बी घर हुतंच की.”

वैजू मशीनच्या टेबलावर टेकली. डोळे तिनं ओढणीनं पुसले, मग त्याच ओढणीनं मशीनवरची भुशाची रेघ पुसली.

१७०० ते १७१७

शिरोलीवाल्याला तिनं शेडमधूनच फोन केला. मग म्हणाली, “डोळे मात्र तपासून घ्यायचे. आणि आईला दिलेल्या शब्दातून मी तुम्हाला सोडवते. काय बोलायचं ते बोला आता. सहा वर्षांचं.”

मामांनी त्यांची बाजू माझ्या बाजूवर ठेवली, कपाळाला कपाळ, आणि सुईनं कडेकडेनं रेघ ओढत खाली आले.

“लांब हाय त्ये बरं झालं,” स्वतःशीच म्हणाले. “आखूड असती तर फेकाय लागली असती. जास्तीचं काडता येतंय.”

मोबाइल डब्यात गेला. झाकण लावताना ते वैजूकडे न बघता म्हणाले, “बोट कापलं तवा तुझाच फोन आल्ता.” आणि मशीन सुरू केली. मी शेपटाकडे उभा राहिलो. या वेळी मी पात्याकडे बघत होतो. पोटाचं जास्तीचं निघालं, गळ्याचं निघालं. शेवटी पायाची सरळ कड. तिथून एक पट्टी सुटली, हातभर लांब, बोटभर रुंद.

मामांनी मशीन बंद केली. पातं थांबेपर्यंत थांबले. मग ती सुटलेली पट्टी उचलून तिच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“हेरंब.”

मी इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

“आरं, पट्टी उचलताना टोक बगावं का न्हाई मानसानं? का नुसती पाठ खाजवाय घेतल्तीस?”

वैजूचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मामांनाही आला असावा. पण ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी हात पुढे केला.

“खाजवायला ही घे. ती लोखंडाची हाय.”

मी ती लाकडाची पट्टी घेतली आणि मानेमागून शर्टात घातली. कापलेली कड अजून कोमट होती.